लपवलेला उंबरा

नांदेड, मंगळवार, दिवेलागणीला

मी सांगते, नात सविता लिहिती. आज जीव थाऱ्यावर न्हाई. उद्या सकाळी मिस्त्री घराचं पुढचं दार रुंद करायला येणार, अन् सविताचा दाराचा नकाशाच जुळंना. कंप्युटरवर दाराची नवी रेघ ओढली की ती जुन्या मापावरच जाऊन चिकटती. तेवढ्याशा दारातून माझा वॉकर जाईल का? न्हाई गेला तर अंगणातल्या न्हाणीपर्यंत मला रोज धरून कोण नेणार?

"तिथं काहीच न्हाई गं आजी!" सविता रडकुंडीला आली.

"मंग काय भुताला चिकटून राहिली का?"

तिनं पुन्यांदा शोधलं. सापडला तो नकाशातला जुना उंबरा. पुसायच्या ऐवजी तिनं तो नुसता लपवला होता, अन् रेघ त्याच्याच टोकाला ओढ घेत होती.

"पुसला का न्हाईस?"

"तू रोज त्याला हळदकुंकू लावतीस. हात धजंना."

माझंबी काळीज हाललं. पण वॉकर उंबऱ्याला अडतोच की. म्हणलं, "पूस. लक्ष्मीला पाय हायत, ती उंबऱ्याबिगर येईल. माझं वॉकरबिगर भागत न्हाई."

पुसला तिनं. रेघ सरकली, नकाशात दार रुंद झालं. उद्यापासून हळदकुंकू कुठं लावू, तेवढं कुणी सांगंना.