एका पेटीतले शिकारी

जव्हार
२ फेब्रुवारी २०२५

लाडक्या फुईस,

हर्षदाचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? मीना वहिनी वाचून दाखवते आहे ना, तिला सांग, तिची नागलीची भाकरी इथे फार आठवते. या पत्राचं तुझ्या भावाला, माझ्या बाबाला, इतक्यात कळू देऊ नका. का, ते पुढे येईलच. आधी गंमत ऐक.

कॉलेजात आम्ही तळ्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. दुपारचं ऊन आरशातून वर येतं, थेंब सोनेरी होतो, आणि त्यात पिंपासारखा एक जीव गरगरत येतो. सगळा देह म्हणजे एकच पेशी, पण भूक बघ! आपल्याहून मोठा, चपलेच्या आकाराचा जीव अख्खा गिळतो. दुसरा शिकारी अमीबा. तो अंगच पसरून भक्ष्याला मिठी मारतो. बघता बघता मी इतकी हरवते की घंटाही ऐकू येत नाही.

हे ना झाड, ना प्राणी, ना बुरशी. म्हणून जुन्या शास्त्रज्ञांनी सगळ्यांना एका पेटीत कोंबलं आणि नाव दिलं प्रोटिस्टा. आता कळलंय, पेटीतले सगळे एका कुळाचे नाहीतच. ते पिंप आणि ती चप्पल भाऊबंद, आणि अमीबा मात्र त्यांच्यापेक्षा आपल्याला, माणसांना जवळचा! शिकार हा पोटाचा धंदा, कूळ नव्हे. सर हे सांगत होते तेव्हा माझं लक्ष फळ्यावर नव्हतं.

मला पाड्यावरची, माझ्या आणि धनेशच्या लग्नासाठी बसलेली बैठक दिसत होती. पंच म्हणत होते, "एक आडनाव, एक कूळ. लगीन कसा लागंल?" धनेश मान खाली घालून बसलेला. अगं, ते आडनाव शाळेतल्या मास्तरांनी सरसकट सगळ्या पाड्याला लावलं. धनेशचा आजा खोडाळ्याकडून एकटाच आला, हे तूच सांगायचीस. मग त्या दिवशी गप्प का बसलीस? मला तुझा राग आला, अजून आहे.

वहिनी, पुढचं फुईच्या कानाशी वाच.

फुई, पावसाळ्यात, भाताच्या आवणीच्या दिवसांत मला बाळ होईल. घाबरले आहे गं. पण डोळे मिटले की ते सोनेरी पाण्यात तरंगताना दिसतं. तेही एकाच पेशीपासून सुरू झालं. मग थोडा वेळ भीती वाटत नाही.

पाड्यात लग्न लावणारी धवलेरी तू एकटीच. लग्नाची गाणी तू गायलीस तर पंचही गप्प बसतील. नाही गायलीस तरी आम्ही दोघं एकत्र राहू, पण बाळाला पाड्यावर आणणार नाही.

पुढच्या रविवारी धनेश, तू गाशील का, हे विचारायला येईल. त्याला दारातून परत पाठवू नकोस.

तू नाही म्हणालीस तरी तुझीच,
हर्षदा