गोगलगाईची सातवी खोली

३ फेब्रुवारी

ती. मामास,
टिकलीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू 'बरं, बरं' म्हणून लगेच ठेवून देतोस, म्हणून पत्राने गाठतेय. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता कमी कुरकुरतो. बाबा निवृत्त झाल्यापासून घरभर चिठ्ठ्या चिकटवतात : 'नळ ठिबकता ठेवू नये', 'चष्मा इथून हलवू नये'. आई म्हणते, आता एक चिठ्ठी त्यांच्याच कपाळावर लावायची राहिलीय.

आता मुद्द्याचं. माझ्या नव्या कंपनीत जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणतात. माझ्या टेबलावर पहिलाच कुठला यावा? 'गोगलगाय'! तळघरातून निघून एकेक खोली ओलांडत गच्ची गाठणारी ती गोगलगाय. चित्रं तुझी, प्रोग्रॅम बाबांचा.

पण मामा, त्या गेममध्ये सहाव्या खोलीनंतर एकदम आठवी येते. खेळणारे अठरा वर्षं डोकी खाजवताहेत. कुणी म्हणतं, सात हा आकडा करणाऱ्यांना अशुभ वाटला. कुणी म्हणतं, त्यांना मोजताच येत नव्हतं. मी घरी विचारलं, तर आई इस्त्री करायला उठली आणि बाबा पेपरात शिरले.

मग जुन्या डिस्कवर ती मला सापडली. शिंप्याची खोली! डोंगराएवढी शिलाई मशीन, धपाधप खाली येणारी सुई, टेबलावरून गडगडत येणारी रिळं. बटणं तूच रंगवलीस, दुसऱ्या कुणाला जमणार! प्रत्येकाची चकाकी वेगळी. आणि मशीनच्या आवाजामागे एक पोर विचारतंय, की गोगलगाय चावते का. ते पोर मीच ना?

न वापरलेलं सगळं महिनाअखेर पुसायचं, असा आमच्या प्रमुख बाईंचा हुकूम आहे. ठेवायचं तर मूळ करणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात. ही खोली गेममधून कुणी गाळली, मामा? आणि का?

लोभ आहेच, तो या वेळी सविस्तर उत्तरातून दिसावा, ही विनंती.

तुझी,
टिकली


९ फेब्रुवारी

चि. टिकलीस,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. मी पाट्या रंगवण्यात मजेत आहे. काल एका दाताच्या डॉक्टरांच्या पाटीवर 'दंत'मधला अनुस्वार विसरलो. ते काही बोलले नाहीत, पण हसलेही नाहीत.

हो, ते पोर तूच. चार वर्षांची होतीस. ती मशीन तुझ्या आजीची. तिने लोकांचे कपडे शिवून आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. ती गेली त्याच वर्षी मी ती खोली रंगवायला घेतली. आवाज भरायचा म्हणून ताई पाय मारत होती, मी रेकॉर्डर धरून बसलो होतो आणि तू मशीनखाली घुसून भंडावत होतीस. सात महिने मी दुसरं काही केलं नाही.

गेम बाजारात आला. आईची मशीन दाखवतो म्हणून मी ताईला कौतुकाने शेजारी बसवून खेळायला लागलो. सहावी खोली संपली आणि समोर आठवी. मला वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा खेळलो. पुन्हा आठवी. ताईने तोवर माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

खोली गाळली ती तुझ्या बाबांनी. मला एका शब्दाने न सांगता. दुसऱ्या दिवशी जाब विचारला, तर वेळ नव्हता म्हणाले आणि फोन घ्यायला गेले. मी नोकरी सोडली. तेव्हापासून आम्ही हवापाणी आणि ताईचा गुडघा याखेरीज कशावर बोललेलो नाही. तुझे बाबा म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय. राग मानू नकोस, पण हेच खरं.

सही मी करणार नाही. पुसा खुशाल.

एवढं मात्र कळव. बटणं अजून चकाकतात का? की पडद्यावर फिकी वाटतात?

आईला सांभाळ. माझी माया आहेच, ती वेगळी लिहायला नको.

मामा


१३ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

चकाकतात. माझ्या शेजारच्या मुलीने पडद्यावर बोट फिरवून पाहिलं, इतकी!

आणखी एक गोष्ट हाती लागलीय. त्या खोलीच्या फाइलींमध्ये एक चिठ्ठी होती. शब्दशः उतरवते : 'ही खोली सध्या वापरात नाही. तरी कुणीही पुसू नये. चित्रांना हात लावू नये.' खाली नाव नाही. पण आमच्या घरात राहिलेल्या माणसाला नाव कशाला लागतंय?

मी आणखी खोदलं. तुमच्या जुन्या कंपनीने तीनदा डिस्का बदलल्या आणि तिन्ही वेळा नको असलेलं टाकून दिलं. ही एक खोली मात्र दर वेळी कुणीतरी स्वतः उतरवून घेतली. शेवटची तारीख बाबांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यातली आहे.

काल ती चिठ्ठी छापून त्यांच्यापुढे ठेवली. बराच वेळ वाचत होते, जशी काही चार पानं होती. मग मला तुझा पत्ता विचारला. मामा, तुझा पत्ता त्यांना पाठ आहे.

राग असू दे, पण पाकीट आलं तर फोडून वाच.

टिकली


१६ फेब्रुवारी

रा. रा. मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहितो.

तुझ्या खोलीत सुईपाशी आलं की गेम मध्येच गोठायचा. दर तीन कॉम्प्युटरांमागे एकावर. गेम बाजारात जायला अकरा दिवस उरले होते. दोष सापडेना, म्हणून खोली गाळली. सासूबाईंना जाऊन वर्ष व्हायचं होतं. तुझ्यासमोर उभा राहायचो आणि म्हणायचो, उद्या सांगू. असे अकराही दिवस गेले. वेळ नव्हता म्हणालो, ते खोटं होतं. वेळ होता, छाती नव्हती.

साऱ्या गेममध्ये तीच खोली सर्वांत चांगली होती. म्हणून जपली. कधीतरी कुणी दुरुस्त करील असं वाटायचं. तुझ्या भाचीने ती परवा एका दुपारी दुरुस्त केली. दोष तुझ्या चित्रांत नव्हता. माझ्याच एका ओळीत होता. अठरा वर्षं मी तो तुझ्या चित्रांत शोधत होतो.

रविवारी ये. भांडायला ये, पण ये. माफी समोरासमोर मागायची आहे.

लोभ मागण्याचा हक्क मी घालवला आहे, तरी मागतो.

तुझा,
भावोजी


२४ फेब्रुवारी

चि. टिकलीस,
अनेक उ. आ.

रविवारी गेम लावून देऊन तू आईला घेऊन अचानक खरेदीला गेलीस. आम्ही दोघंही मठ्ठ नाही, कळलं.

भावोजींनी माफी मागितली. नीट मागितली. मग मी खेळायला बसलो. मशीन दिसली, तिचा आवाज आला आणि काही वेळ मला पडदा दिसेना. मग दिसायला लागला आणि पंचाईत झाली. टिकले, ती खोली कंटाळवाणी आहे! पुढून येणाऱ्या रिळांनी सगळा रस्ता झाकून जातो. सुईखाली मी चौदा वेळा चिरडलो आणि पुढे तर नुसती बटणंच बटणं. ती रंगवताना मी गेम कधी केलाच नव्हता, मी आईचं टेबल मांडत बसलो होतो.

तसं मी भावोजींना सांगितलं. म्हटलं, दोष नसता तरी ही खोली मीच गाळायला हवी होती. त्यावर त्यांचा असा भडका उडाला! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, सर्वांत चांगली खोली ती हीच, सहा आणि आठच्या मध्ये ती बसलीच पाहिजे, असं म्हणत त्यांनी टेबलावर हात आपटला. मीही आपटला. दोन तास जुंपली होती. शेवटी शेजारीण दार वाजवून विचारून गेली, की सगळं ठीक आहे ना.

तोड निघाली. खोली गेममध्ये नको. मूळ गेम संपल्यावर वेगळी दाखवा, होती तशी, तुझ्या प्रश्नासकट. दोघांच्या सह्यांचा कागद सोबत जोडला आहे.

आज सकाळी शिडीवर चढून एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत होतो. मधेच डोक्यात आलं, रिळं पुढून नव्हे, गोगलगाईच्या मागून यायला हवी होती! मग रस्ताही दिसला असता आणि धाकही राहिला असता. ब्रश तोंडात धरून खाली उतरलो आणि भावोजींना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, थांब जरा, कागद घेतो.

हात रंगलेले आहेत, पत्रावर डाग पडला तर तो आशीर्वादातच धर.

मामा