कॅरमच्या सोंगट्या गोल असतात

वाशीम,
३ डिसेंबर २०२५

प्रिय टीना,

सप्रेम जय जिनेंद्र. इकडे सगळे ठीक. तिकडे तुम्हीही मजेत असालच, तुझ्या स्टेटसवरून तरी तसंच दिसतं.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. फोनवर तुझ्याशी धड बोलणंच होत नाही म्हणून लिहायला बसले. फोन लावावा तर बाबा शेजारी असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी लिहिल्या की तू अंगठा पाठवून मोकळी होतेस. पत्राला अंगठा पाठवायचा तर निदान शाई शोधावी लागेल तुला.

थंडी बरी पडली आहे. आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात, तसे कुरकुरत आहेत. मेडशीहून जगदेवकाकांनी तुरीच्या ओल्या शेंगा पाठवल्या होत्या. सोलताना आई म्हणाली, "टीनाले लई आवडते." शेंगा मी सोलत होते, आमटी मी करणार होते, आणि आवड तुझी निघाली. असो.

आता तू पाठवलेल्या मॉनिटरबद्दल. माल चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. दिवाळीत खोकं उघडलं तेव्हा बाबांनी अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवला. जुना डबा बंद पडला त्याच आठवड्यात मी तुझ्या जीजूंना, श्रेयांसना, म्हटलं होतं की आपण बाबांना नवा घेऊन देऊ. ते म्हणाले, दिवाळीची गर्दी ओसरू दे. गर्दी ओसरायच्या आत तुझं खोकं आलं. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक माणूस आधी तुझा मॉनिटर पाहतो आणि मग पाणी पितो.

बाबा त्यावर काय करतात हे तुला ठाऊकच आहे. दुकानाच्या हिशोबासाठी म्हणून घेतलेल्या त्या पहिल्या कॉम्प्युटरबरोबर आलेला तो कॅरमचा खेळ. हिशोब बाबांनी कधी केला नाही त्यावर, कॅरम मात्र सोडला नाही. पाठ धरली आणि खऱ्या बोर्डावर वाकणं बंद झालं तेव्हापासून तर तोच त्यांचा बोर्ड. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं, तोंड धुवायचं, आणि मग समोर झोपेपर्यंतची सगळी संध्याकाळ मोकळी. त्या संध्याकाळी माझ्या होत्या, टीना. तू होस्टेलला गेलीस, मग नोकरीला गेलीस, मग लग्न करून पुण्याची झालीस. मी दोन गल्ल्यांपलीकडे दिली गेले, पण सासरचा स्वयंपाक आवरून रोज इकडे यायचेच. एक माऊस, दोन खुर्च्या. बाबांचा डाव झाला की माऊस माझ्याकडे सरकायचा.

आता माझ्या खुर्चीवर फोन असतो, लोणच्याच्या बरणीला टेकवलेला, आणि त्यात तू. पुण्यात बसून तू इकडचा खेळ खेळतेस, कसलं तरी अ‍ॅप टाकलंयस. मी मागे उभी राहून बघते. परवा बाबांनी मला "जरा बाजूले सरक वं, टीनाच्या उजेडाले आडवी येतं" म्हणून सरकवलं. तुला उजेड पुण्यात, आणि आडवी मी वाशीमला!

पण पत्र त्यासाठी नाही. म्हणजे त्यासाठीही आहे, पण मुद्दा वेगळा आहे.

तुला आठवत असेल, पहिल्या दिवशी तूच तिकडून सेटिंग बरोबर लावून दिलं होतंस. खेळ जुना, जुन्या चौकोनी डब्यासाठी बनवलेला. नवा मॉनिटर आडवा. म्हणून बोर्ड मधोमध आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांच्यातला कापडवाला जागा झाला. "दोन्हीकून काळं कायले सोडलं? छप्पन पन्ह्याचं कापड घ्याचं अन् छत्तीसच वापराचं? बाकीचं का वाया घालाचं?" मी सांगत होते की बाबा, ते तसंच असतं. तू फोनवर हसलीस, म्हणालीस, "थांबा बाबा, भरून देते." आणि दोन मिनिटांत चित्र कडेपर्यंत ताणून दिलंस. बाबा खूश. "पाह्य, एका शब्दात केलं पोरीनं."

तुझं हे नेहमीचंच. लांबून हो म्हणायला काय लागतं? जवळ राहणाऱ्याला नाही म्हणावं लागतं. गोड खाऊ नका, गाडी काढू नका, पाठ धरली आहे तर गठ्ठे उचलू नका. माझ्या वाट्याला सगळे "नाही" आले आणि तुझ्या वाट्याला सगळे "हो".

तर ते ताणलेलं चित्र. तुझ्या लॅपटॉपवर बोर्ड चौरस दिसतो. तू जिंकल्याचा फोटो पाठवला होतास ना, त्यात पाहिलं मी. इकडे तो पलंगासारखा लांबडा दिसतो. सोंगट्या अंड्यासारख्या. स्ट्रायकर चेपलेला. आणि बाबांचा सगळा खेळ कडेला आपटून सोंगटी आणण्याचा, तो कोनावर चालतो. डोळ्याला दिसणारा कोन एक आणि खेळातला दुसरा. नेम धरतात खिशावर, सोंगटी जाते हातभर दूर. ज्यांनी या गावात भल्याभल्यांना पाणी पाजलं ते बाबा तुझ्याकडून रोज हरतात. तुझ्याकडून! राणीला कव्हर लागतं हे तुला मी शिकवलं होतं.

मी सांगून पाहिलं. आईची बांगडी काढून स्क्रीनवरच्या स्ट्रायकरवर धरून दाखवली, की बघा, ही गोल आहे आणि हा नाही. बाबांनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बांगडी वाकडी झाली असन तुया आईची." आई आठवडाभर त्यांच्याशी फुगून होती. मग मी खरा बोर्ड काढला, त्यांना वाकावं लागू नये म्हणून टेबलावर मांडला. पावडर टाकली. बाबांनी बसल्या बसल्या राणी घेतली, कव्हर घेतलं. मी म्हटलं, "आता?" तर म्हणे, "हा बोर्ड हाताले पाठ हाये. याच्यात नजर कुठी लागते?" डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नाही. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "डॉक्टरले कॅरम येते काय?"

मी रोज गेल्या गेल्या चित्र मूळ मापात आणून ठेवायचे. तुझा फोन आला की बाबा तक्रार करायचे आणि तू पुन्हा ताणून द्यायचीस. तुला वाटलं असेल कॉम्प्युटर आपोआप बिघडतो. तो मी बिघडवत होते. म्हणजे दुरुस्त करत होते.

हे इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण बाबांनी मनाशी पक्कं केलं आहे की नजर गेली. मागच्या आठवड्यात जगदेवकाका दुकानात आले होते, नात राखीच्या लग्नाचं कापड घ्यायला. त्यांच्या घरातलं प्रत्येक लग्नाचं कापड बाबांनी कापलं आहे, खूण न करता, नुसत्या नजरेनं, सरळ रेघेत. बाबांनी कात्री श्रेयांसकडे सरकवली. जगदेवकाका म्हणाले, "काहून शेठ? तुमच्या हातचं पायजे मले." बाबा म्हणाले, "आता मले रेघ दिसत नाही, जगदेव. जवाई कापन." श्रेयांसनी कापलं. तुझे जीजू माणूस म्हणून सरळ आहेत, पण कापड त्यांनी असं कापलं की जगदेवकाका वाकडी कड आत दुमडून घडी घालत राहिले. बाबा रस्त्याकडे तोंड करून बसले होते. त्या दिवसापासून त्यांनी कात्रीला हात लावलेला नाही. सकाळी दुकानात उशिरा जातात, दुपारीच परत येतात.

आणि आता ते तुझ्याकडे येणार आहेत. महिनाअखेरीचं रेल्वेचं तिकीट काढून झालं. चार दिवसांसाठी नाही, कायमचे, आईसकट. तू खोली रिकामी केलीस, पडदे बदललेस, फोटो पाठवलेस. तुला वाटतं आहे की इतक्या वर्षांच्या तुझ्या आग्रहाला यश आलं. आई म्हणते, "टीनाचं नशीब." मीही म्हणाले, छान झालं, तिकडे डॉक्टरही मोठे आहेत.

छान झालेलं नाही, टीना. आणि तुझ्या आग्रहानं ते येत नाहीत. ते का येत आहेत हे फक्त मला आणि त्यांना माहीत आहे. आईला अर्धं माहीत आहे.

ते "येतो" म्हणाले त्या रविवारी तुमचा डाव चालू होता आणि मध्येच तुझं नेट गेलं, आठवतं? बाबांची सोपी सोंगटी हुकली होती. कपाळाला हात लावून बसले होते. मला बघवलं नाही. मी पुढे होऊन माऊस घेतला आणि चित्र मूळ मापात आणलं. काळे पट्टे आले. बाबा एकदम भडकले. एवढे भडकलेले मी त्यांना दुकानातल्या चोरावरही पाहिलेले नाहीत. म्हणाले, "टीनानं लावलेलं तू कायले मोडतं? तुले टीनाचं चांगलं पाहावत नाही."

खोटं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण खरं आहे. पाहावत नाही मला. तू पाठवलेल्या वस्तूला गल्ली जमते आणि मी रोज आणलेल्या औषधाला "ठेव तिथं" म्हणतात. तू वर्षातून दोनदा येतेस तर बाबा स्टेशनवर गाडीच्या आधी जाऊन उभे राहतात, माझ्यासाठी दार उघडं असलं तरी मान वर करत नाहीत. मला वाटायचं की निदान तो माऊस माझा आहे. तोही तू तिकडे बसून घेतलास आणि तुला कळलंसुद्धा नाही. तुझ्यावर रागावावं तर तू काही केलेलंच नाहीस, याचा राग आणखी वेगळा.

मी म्हणाले, "मग जा ना टीनाकडेच राहायला."

आई आतून ओरडली, "काहून भांडून राह्यली वं?" बाबा ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "हो. जातो." तेवढ्यात तुझा फोन लागला. तू म्हणालीस, "हॅलो बाबा, कुणाची पाळी?" आणि ते म्हणाले, "मी येतो पोरी तुयाकडं." तू आनंदानं किंचाळलीस. मी तिथेच उभी होते, तुला दिसले नसेन.

तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. "तिले म्हणा, चहा ठेव." मी त्यांच्यासमोरच असते.

माफी मागायला मी गेले नाही असं नाही. गेले. त्यांनी रेडिओ मोठा केला.

आता तुझ्याकडे काम आहे. आज दुकानात श्रेयांस मीटर लावून कापड मोजत होते आणि घाईत त्यांनी ते जरा ताणलं. बाबा कोपऱ्यात बसले होते. नजर गेलेला माणूस तिथून ओरडला, "ताणू नका जवाई! ढिलं धरा!" आयुष्यात त्यांनी कधी कापड ताणून मोजलं नाही. ताणलेलं कापड गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन आखडतं, आणि शिव्या दुकानाला पडतात, हे त्यांनी आपल्या दोघींना लहानपणी गादीवर बसवून सांगितलं आहे. ते ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, की मी महिनाभर बांगड्या आणि डॉक्टर करत बसले, आणि बाबांना कळेल असं वाक्य हे होतं. त्यांना सांग, "बाबा, तुमचं चित्र मी ताणून दिलं होतं. ताणलेल्या कापडावर तुमची रेघ सरळ कशी येईल? चूक माझी होती, तुमच्या नजरेची नाही." मग चित्र मापात आण, पट्टे राहू दे, आणि त्यांच्याशी एक डाव खेळ. मुद्दाम हरू नकोस. गरज पडणार नाही, आणि मुद्दाम हरलीस तर त्यांना कळेल.

हे माझं वाक्य आहे हे सांगू नकोस. माझं म्हणून कळलं तर पटणार नाही, तुझं म्हणून लगेच पटेल. चांगलं वाक्य सुचलं की तेही तुझ्याकडेच पाठवावं लागतं, काय करणार. ते जिंकतील, ओरडतील, तुझं कौतुक करतील. मी स्वयंपाकघरात असेन, ऐकेन. एवढं मला पुरणार नाही, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी ते वेळेवर दुकानात गेले तर मी तुझं कौतुक ऐकून घेईन, पाहिजे तर रोज.

आणि दुसरं काम याहून मोठं आहे. तू खोली रिकामी केली आहेस, मला ठाऊक आहे. त्यांच्या सोबतीची आस तुलाही असणार, हेही मला कळतं, जळत असले तरी. पण हे गाव, हे दुकान, सूर्य बुडायच्या आत गरम वाढलेलं ताट आणि जगदेवकाकांसारखी माणसं सोडून ते तिकडे तुझ्या ऑफिसच्या वेळा बघत बसतील. रुसून आलेला माणूस आहे तो, टीना. राहायला आलेला नाही.

"जा" माझ्या तोंडून निघालं आणि त्यांनी ते ऐकलं. "थांबा" मी म्हटलं तर रेडिओ मोठा करतात. ते तू म्हण. तुझं ऐकतील.

तुझ्यावर जळणारी, आणि तरी तुझ्याचकडे मागणारी,
ताई