तिसऱ्या वळणावरचं चाक

प्रिय फीन,

अक्षर एवढं मोठं आलंय म्हणून हसू नकोस. मरीलू कॅफेच्या पाटीवर बीअरचे भाव लिहिते, त्याच जाड्या पेनानं लिहितोय. रविवारच्या शर्यतीआधी तुमच्या हॉटेलात फोन बंद ठेवायला लावतात हे ठाऊक आहे. पण चालू असता तरी मी केला नसता. बुधवारपासून चारदा बोलायला तोंड उघडलं आणि चारही वेळा गाडी हवापाण्यावर नेली.

तेव्हा हवापाणीच आधी सांगतो. पाऊस थांबलाय, वारा पश्चिमेचा आहे. नॉर्बर्तच्या गुडघ्याचं म्हणणं आहे की रविवारी कोरडं राहील, आणि त्याचा गुडघा रेडिओपेक्षा खरा बोलतो. हल्ली शर्यतीला मला तोच गाडीतून नेतो. तुला सांगितलं होतं की क्लच दाबताना माझा पाय दुखतो. पाय ठणठणीत आहे गं. ते पुढे येईलच.

काल मरीलूनं सांगितलं, तुला संघाकडून पत्र आलं म्हणे. या मोसमानंतर करार नाही. तू मला न सांगता तिला सांगितलंस, याचं वाईट नाही वाटलं. म्हणजे वाटलं. पण समजलं. मार्चमध्येच तुमच्या साहेबानं तुला बजावलं होतं ना, बुधवारच्या शर्यतीत पहिल्या दहांत आलीस तर आणखी दोन वर्षं, नाहीतर नमस्कार. एकोणतिसाव्या वर्षी सायकल सोडून तू काय करणार, हा विचार मी जानेवारीपासून करतोय. तू कधी केलाच नसशील. तुझी आई म्हणायची, ही पोर चालायच्या आधी पायडल मारायला शिकली.

आणि मला काय म्हणायची आठवतंय? चार तास थंडीत उभा राहतोस त्या वीस सेकंदांसाठी, माझ्यासाठी कधी चार मिनिटं थांबलास का रे ओडिलोन? मग स्वतःच वाटाण्याच्या सुपाचा थर्मास भरून माझ्या हातात द्यायची. तिचं चुकत नव्हतं. आम्हा रस्त्याकडेच्या लोकांचं आयुष्यच तसलं. दगडी चढावर जागा धरायची, रेडिओ कानाला लावायचा, बाजूच्याशी भांडायचं, आणि मग एकदम सगळ्या जणी समोरून निघून जातात. ओरडण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही. तीस वर्षं मी व्होसेनबेर्गच्या चढावर तिसऱ्या वळणाशी ओरडतोय. आधी परक्या पोरांसाठी, गेली अकरा वर्षं तुझ्यासाठी. बुधवारी पहिल्यांदा ओरडण्याशिवाय आणखी काही करण्याची वेळ आली, आणि माझ्या हातात काय होतं, तर गॅरेजमधलं जुनं चाक.

तुला वाटतं तुला सगळं ठाऊक आहे. तुझ्या बाजूनं ते असं आहे: दुसऱ्या फेरीत तू पुढच्या सहा जणींत होतीस. शेवट बारा किलोमीटरवर. चढाच्या पायथ्याशी मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. संघांच्या गाड्या मागे अडकलेल्या. दुसरी कुणी असती तर तिथंच उभी राहून रडली असती. तू तशाच बसलेल्या चाकावर दगडांवरून घासत वर आलीस, कारण तिसऱ्या वळणावर पप्पा चाक घेऊन उभा असतो. मी ते जुनं चाक पुढे केलं. तू बघितलंस आणि म्हणालीस, पप्पा, हे नाही बसत, हे जुन्या ब्रेकचं आहे. मग आपण दोघं उभे राहिलो. दोन मिनिटं दहा सेकंद, नॉर्बर्तनं घड्याळ लावलं होतं, गाढव कुठचा. संघाची गाडी आली तेव्हा पुढच्या पाच जणी दिसेनाशा झाल्या होत्या. तू एक्केचाळिसावी आलीस.

संध्याकाळी बसपाशी तू मला विचारलंस, योस्तनं सकाळी तुला चाक दिलं नव्हतं का? आणि मी म्हणालो, नाही.

फीन, योस्तनं चाक दिलं होतं.

सकाळी दहाला तुमच्या संघाची चाकांची व्हॅन घेऊन आला होता. नेहमीसारखा एक गोड पाव तोंडात आणि एक हातात. नवं मागचं चाक माझ्या खांद्याला अडकवलं, म्हणाला, ओडिलोन, हे फक्त आपल्या पोरींसाठी हं, जुन्या भंगाराला हात लावू नकोस. मी म्हणालो, तुझ्या जन्माआधीपासून मी चाकं बदलतोय. उगाच फुशारकी. पण खोटी नव्हती. चाक बसवायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात.

आता डोळ्यांचं. जानेवारीत आउडेनार्डेच्या डॉक्टरनं सांगितलं. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग दिसतो, कडेनं दिसतं तेवढंच. इंजेक्शनं देतात, पण गेलेलं परत येत नाही. वर्तमानपत्रातला निकाल मरीलू वाचून दाखवते. तिला वाटतं मी चष्मा विसरतो. तुला का नाही सांगितलं? तू म्हणाली असतीस, घरी बस पप्पा, टीव्हीवर ऐक. वसंतातले हे सहा आठवडे सोडले तर माझ्याकडे दुसरं आहे तरी काय?

बुधवारी पहिल्या फेरीला सगळ्या चिखलानं माखलेल्या. एक पोर वळणावर थांबली. तुमच्यासारखीच निळी जर्सी, तुझ्याएवढीच उंच, हात वर करून उभी. मी कडेनं बघितलं आणि वाटलं, माझी फीन! धावलो, चाक काढलं, नवं बसवलं. अर्ध्या मिनिटात झालं असेल. आणि मग ती काहीतरी बोलली. पोलिश असावं. आवाज तुझा नव्हता. माझा हात तिच्या खोगिरावर होता. अजून ढकललं नव्हतं. तिला थांबव, काढ चाक, असं डोक्यात आलं, शपथेवर सांगतो, आलं. पण ती चिखलातून माझ्याकडे बघत असणार, एवढं मला समजत होतं. मी ढकललं. चल पोरी, चल, असंही ओरडलो. सवय गं, दुसरं काय.

हे इतकंच असतं तरी तू मला कदाचित माफ केलं असतंस. कुणीही चुकतं. पण पुढचा एक तास मी काय केलं ते ऐक. दुसरी फेरी यायला पूर्ण एक तास होता. फोन खिशात होता. योस्तला नुसतं म्हणायचं होतं, चाक गेलं, दुसरं पाठव; त्याची व्हॅन चार किलोमीटरवर तर होती. पण तो विचारणार, कुणाला दिलंस? दिसलं नाही का? मग साहेबाला कळणार, तुला कळणार, आणि माझं वळण जाणार. मी फोन काढला, पुन्हा ठेवला. सूप प्यायलो. नॉर्बर्तशी वाद घातला. एकाच माणसासमोर एका दिवसात दोन चाकं थोडीच बसतात, असं स्वतःला सांगितलं. मग रेडिओवर ऐकलं की तुझं चाक बसलंय. पाठोपाठ खालून तो घासण्याचा आवाज आला. तो जवळ येत होता आणि मी जुनं चाक हातात घेऊन उभा होतो. फीन, इतका असहाय मी तुझ्या आईच्या खाटेपाशीसुद्धा नव्हतो. तिथं निदान मी कुणाला फसवलं नव्हतं.

ती पोर दुसरी आली. तुझ्याबरोबर पुढच्या सहांत तीही होती, तुझ्या शेजारी, आपल्या चाकावर.

आज सकाळी त्या पोलिश पोरीच्या संघाची व्हॅन कॅफेसमोर थांबली. मेकॅनिकनं ते चाक मरीलूच्या हातात दिलं, सोबत चॉकलेटचा डबा. तिसऱ्या वळणावरच्या आजोबांना, म्हणाला, आणि कुठं बोलू नका बरं का, परक्या संघाचं चाक घेणं नियमात बसत नाही. मरीलूनं चाक माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, योस्तला रविवारी नेणार नाहीत, तुझ्या फीननंच साहेबाला सांगितलंय की तो चाक द्यायला विसरला. आणि हे पेन पुढे सरकवलं. या पत्रानं तुझा करार परत येणार नाही, ते मला माहीत आहे. त्या पोलिश पोरीचं नाव साहेबाला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्यात ठरवायची ताकद उरली नाही. पण योस्त गेली नऊ वर्षं तुझी सायकल स्वतःच्या पोरासारखी पुसतोय आणि बुधवारपासून तू त्याच्याशी बोलली नाहीस. मरीलूची थोरली हे पत्र आणि चाक घेऊन निघतेय. वाचून झालं की आधी खाली योस्तकडे जा आणि त्याची माफी माग. माझ्यावर रागवायला तुला अख्खा उन्हाळा आहे.

तुझाच, न विचारता सगळं ठरवून बसणारा,
पप्पा