हंड्यावरचं नाव

शहापूर, मंगळवार संध्याकाळ

घटस्फोटानंतर आज बँकेच्या पासबुकावर मी परत कल्पना झाले, पुढे बाबांचं नाव, मग आमचं आडनाव. पदवीच्या कागदावर आहे तेच. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात लिहिलेलं ‘वैदेही’ आता कुठेच नाही.

आणि आजच मुरबाडहून सासूचा फोन. सासू कसली आता! “तुझी भांडी घेऊन जा गो. नवी सून येतेय.”

बाबांनी दिलेल्या प्रत्येक भांड्यावर माझं माहेरचं नाव घातलेलं आहे, तांब्याच्या हंड्यावर तर ठसठशीत. बाबा टेम्पो सांगायला उठले. मी त्यांना बसवलं.

“राहू द्या तुमच्याकडेच,” मी फोनवर म्हटलं.

“अगो, पन त्यावर नाव हाय तुझं!”

“असू दे.”

हंडा ती मोडीत घालणार नाही, भांड्यांचा तिचा लोभ मला ठाऊक आहे. नव्या मुलीचा काय दोष, हेही मनात आलं, खोटं कशाला लिहू? तरी तिने रोज हंडा घासताना ते नाव वाचावं. वाचून विचारावं, आई, ही कल्पना कोण? का गेली?

उत्तर द्यायला मी तिथे नसेन. ते त्या बाईलाच द्यावं लागेल.