शुक्रवारची सावड

२० जून २००४, रविवार

आजपासून रोजनिशी. बोलणार मी, लिहिणार नात स्नेहल. बारावी झाली, हात रिकामेच आहेत तिचे. वाचणार कोणी नाय. मलाच वाचता येत नाय, म्हणजे गुपित पक्कं.

कारण असं. सकाळी कॉलेजची एक पोर आली. घरोघरी कोण काय काम करतं ते विचारत फिरते. आमच्या राघोने ऐटीत सांगितलं, मी आसनगावला कंपनीत, बायको वत्सला मुरबाडला कंपनीत. आणि आई? आई घरीच असते. पोरीने लिहूनही घेतलं.

घरीच! रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजला कोणी? भात पेरलं कोणी? गोठा काय आपोआप झाडला जातो?

ठराव: यंदाची लावणी मजुरांकडून नाय. सावडीने. माझ्या एका हाकेवर. मग विचारू दे त्या पोरीला.

२१ जून

सावड म्हणजे काय, हे स्नेहलला समजावावं लागलं. काय दिवस आले! आज सगळी आळी माझ्या शेतात, उद्या तुझ्या. माणसाला माणूस फेडायचं. पैशाचं नाव नाय.

आधी पुरुष गळाले, पास काढून कल्याणला. मी म्हटलं, बरं झालं, नुसते बांधावर तंबाखू मळत बसायचे. मग मुरबाडला कंपन्या आल्या, फाट्यावर बस यायला लागली, बायकाही गळाल्या. म्हणून तीन वर्षं मजूर. पण लोक सावड विसरले असं नाय. मी हाक मारली नव्हती, एवढंच.

२५ जून, शुक्रवार

आळीत घरोघर हाक मारून आले. चंद्रकला म्हणाली, बघते. म्हणजे येते. नम्रता म्हणाली, आजी, सुट्टी भेटली तर. म्हणजे येतेच. महिपतची सून नुसती हसली. होकारच तो. माझी मैत्रीण हिराबाई म्हणाली, गोदू, गुडघे बघ गो माझे. मी म्हटलं, गुडघे सगळ्यांनाच आहेत.

एकूण आळी माझ्या बाजूने.

२९ जून

एक बारीक अडचण. मुरबाडच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारी, आसनगावच्या कंपनीला रविवारी. बायका मोकळ्या तेव्हा पुरुष कामावर, पुरुष मोकळे तेव्हा बायका. वत्सला म्हणाली, आई, शुक्रवार धरा ना, आमी बायका येतो की. मी म्हटलं, भात काय कंपनीला विचारून वाढतं? सावड म्हणजे अख्खी आळी, अर्धी नाय. बुधवार, सात जुलै. एक दिवस खाडा करतील सगळे. वत्सला भांडी घासायला उठली. पटलं असणार.

२ जुलै, शुक्रवार

वत्सला दिवसभर बाहेर, संध्याकाळी पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन आली. कुठेतरी घसरली असेल. तिला जपून चालायची सवयच नाय.

स्नेहल किन्हवलीला जाऊन फोटो काढून आली, छोटे छोटे. कशाला म्हटलं तर म्हणे असेच. हौस असते पोरींना. सावडीत ती माझ्या उजव्या हाताला.

७ जुलै, पहाटे

आळीला पुरतील एवढ्या भाकऱ्या केल्या. चहाला लग्नातलं पातेलं.

७ जुलै, संध्याकाळ

आले: मी, हिराबाई, स्नेहल.

सुरुवात जोरात. हिराबाई वाकली ती वाकलीच, तिला सरळ करायला दर वेळी स्नेहल लागे. मला सरळ करायला मग कोणी उरत नसे. खाचराचा एक कोपरा लागला. रोप जून होत चाललंय. राघो म्हणाला, आई, उद्या मजूर बघतो. मी म्हटलं, मी मेल्यावर आण.

भाकऱ्या म्हशीने खाल्ल्या. तिने तरी सावड पाळली.

९ जुलै, शुक्रवार

सकाळी शेतात गलका. बघते तर वत्सला, चंद्रकला, नम्रता, महिपतची सून आणि बसमधल्या आणखी चारजणी रांगेत वाकलेल्या. विचारलं, हे काय गो? चंद्रकला म्हणाली, सावड, आजी! गेल्या शुक्रवारी माझ्याकडे झाली, वत्सला आलेली ना. आज तुमच्याकडे, पुढच्या शुक्रवारी नम्रताकडे.

घसरली नव्हती तर.

मी बांधावरून हुकूम सोडायला लागले. नम्रता म्हणाली, आजी, तुमी घरी जा, आमची पोरं तुमच्या ओट्यावर ठेवलीत, रडतायत तिकडे. दिवस मावळायच्या आत लावणी पुरी. माझीच हाक, जरा उशिरा ऐकू गेली इतकंच.

शेवटी स्नेहलने सांगितलं, सोमवारपासून तीही मुरबाडला. चंद्रकलाने शब्द टाकला. फोटो त्यासाठीच. मी परवानगी दिली. कोणी मागितली नव्हती, तरी दिली.

१६ जुलै, शुक्रवार

आठवडाभर लिहायला माणूस नव्हतं. आज स्नेहलला सुट्टी, पण सकाळपासून ती नम्रताच्या शेतात. आता कंबर धरून लिहितेय. लिही गो, नाटकं करू नको.

सगळ्यांची पोरं माझ्याकडे. एक मांडीवर, एक पाठीवर, दोन म्हशीच्या शेपटीला. हिराबाई ओट्यावर गुडघे चोळत बसलेली. तेवढ्यात जूनमधली ती कॉलेजची पोर आली. लिहिलेलं पडताळून बघायचं म्हणे. महिनाभर उत्तर पाठ करून ठेवलेलं मी! म्हटलं, बस, हे पोर निजवते आणि सांगते.

पोर निजेना. निजवून बाहेर आले तर ती कॉलेजवाली फाटकाबाहेर पडलेली. हिराबाईला विचारलं, काय विचारलं गो तिने? म्हणाली, तू काय करतेस ते. मी सांगितलं तिला, खोळंबू नको बाई, गोदू काय, घरीच असते.

हिराबाईवरचा राग पुढच्या शुक्रवारपर्यंत डोक्यातच ठेवायचा. तोवर लिहायला माणूस नाय.