तांदळाच्या डब्यातलं पाकीट

रायपूर,
९ डिसेंबर २००३

प्रिय सुशील,

प्रभूत सलाम. चित्राला आणि पोट्ट्यांना आशीर्वाद. इकडची खुशाली वेगळी काय कळवू? ती तू अभनपूरच्या सभेत माइकवरून दोनशे माणसांना कळवलीच आहेस.

रायपूर राजधानी झाल्यापासून दर दुसऱ्या फाटकावर हुद्द्याची पाटी आलीय. तुमच्या सभेत प्रार्थनेनं रोगी बरे करणाऱ्या ब्रदरजींनीही 'प्रेषित' अशी लावली म्हणे. नेमणूक कोणी केली, ते पाटीवर नाही.

तुझ्या भाऊजींची तब्येत तशीच. उजवा हात हलत नाही, शब्द अर्धे येतात. काल म्हणाले, "सुशील... काहून येत नाही?" मी म्हटलं, सभेत असेल.

ऑगस्टात तू याच घरात बसून म्हणालास, "ताई, काहून भिऊन राहिली? गोळी म्हणजे संशय. बरं व्हायच्या आधीच आभार मान." आणि जन्मभर दुसऱ्यांच्या खुळेपणावर हसत आलेली मी, यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद करून रविवारी आपल्या चर्चच्या मंडळीत उभी राहिले. हे बरे झाले म्हणून उपकारस्तुती केली! पास्टरांनी चष्म्यावरून पाहिलं फक्त. अकराव्या दिवशी हे न्हाणीत पडले.

गोळ्यांचं एक पाकीट मी तांदळाच्या डब्यात दडवलं होतं. हे एकट्या तुला सांगितलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात, रडत. तू पाठीवर हात ठेवलास. आणि परवा सभेत त्याचीच साक्ष दिलीस: ताईनं संशय दडवला, म्हणून भाऊजींना लकवा झाला. चित्रानं फोनवर सांगितलं. तुझ्या वाटचं तीच रडली.

रोज तांदूळ काढताना ते पाकीट हाताला लागायचं. तरी यांना दिलं नाही. लाज वाटायची. देवाची नाही रे, तुझी.

मी प्रभूला सोडलेलं नाही. त्याच बाकावर बसते. मागच्या रविवारी उभी राहून सांगितलं, मी खोटे आभार मानले होते. आपले बाबा मिशन दवाखान्यात कंपाउंडर. आधी प्रार्थना, मग पुडी. त्यांना त्यात कधी भांडण दिसलं नाही.

नाताळात ब्रदरजींना घेऊन येतोस, यांना मंचावर नेऊन उभं करायला, असं लिहिलंस. ते नकोत. एकटा ये. येताना तात्यापाऱ्यातल्या औषधाच्या दुकानातून यांच्या गोळ्या आण, आणि प्रार्थना करून पहिली गोळी तुझ्या हातानं यांना दे. तेवढं जमत नसेल तर जिना चढू नकोस.

तुझी ताई तेव्हा भेटेल. तोवर फक्त यांची बायको,
वनमाला